मुख्याध्यापकाने 'प्रौढ अध्ययन' कशाला शिकायचं?

एका मुख्याध्यापकांनी विचारलं आहे : "हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत पदोन्नतीने मुख्याध्यापक झालो. वय ४१. डी.एड., बी.ए., बी.एड. झालं आहे. हाताखाली नऊ शिक्षक आहेत. पुढे शिकावं असं मनात आहे, पण एम.एड., शालेय व्यवस्थापन पदविका की शिक्षणातला एम.ए., ते ठरत नाही. एका अभ्यासक्रमात शैक्षणिक नेतृत्वाच्या जोडीला 'प्रौढ अध्ययन' असा विषय दिसला. मला तर लहान मुलांची शाळा चालवायची आहे. मग हा विषय कशाला?"

सर, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळालं की आधीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

मी १९९५ मध्ये प्राथमिक शिक्षिका म्हणून लागले, २००८ मध्ये केंद्रप्रमुख झाले. केंद्रात चौदा शाळा होत्या. आपण आता जिला शिक्षण परिषद म्हणतो, ती केंद्राची मासिक बैठक पहिल्यांदा माझ्यावर आली तेव्हा मी आठवडाभर तयारी केली. विषय होता हातच्याची वजाबाकी. दशक सुटा करून वजाबाकी कशी शिकवावी, यावर तक्ते केले, काड्यांचे गठ्ठे बांधून नेले आणि पावणेदोन तास बोलले. समोरचे शिक्षक शांत होते. कुणी माहितीचे तक्ते भरत होतं, कुणी खिडकीबाहेर बघत होतं. बैठक संपल्यावर निवृत्तीला आलेले एक गुरुजी जवळ आले आणि अगदी आदराने म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. पण आमची पोरं कुठं चुकतात, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तेरा वर्षं मी मुलांना शिकवलं होतं आणि मुलांच्या बाबतीत ही चूक मी कधीच केली नसती. मूल काय जाणतं, कुठे अडतं, हे बघितल्याशिवाय मी धडा सुरू करत नसे. मग मोठी माणसं समोर येताच मी व्याख्यान का द्यायला लागले?

पुढच्या महिन्यात मी काहीच तयार करून नेलं नाही. प्रत्येक शाळेला निरोप दिला की वजाबाकी चुकलेल्या दहा वह्या आणा. चार-चार जण गोलात बसले आणि चुकांचे ढीग करायला लागले. ५२ मधून २७ गेले तर ३५, असं उत्तर कितीतरी वह्यांत सापडलं. एका तरुण शिक्षिकेच्या लक्षात आलं की मूल आकडे विसरत नाहीये. ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय, सातातून दोन आणि पाचातून दोन. म्हणजे त्याचा एक नियम आहे, तो चुकीचा आहे एवढंच. मग वाद सुरू झाला. त्या गुरुजींची पद्धत 'वर दहा, खाली एक' अशी होती. त्यांनी ती का चालते हे चिंचोके मांडून दाखवलं, आणि मांडता मांडता स्वतःच म्हणाले की मुलांना हे 'का' मी कधी सांगितलं नव्हतं. अडीच तास गेले. चहा गार झाला.

सर, प्रौढ अध्ययन म्हणतात ते हे. मुख्याध्यापक झाल्या दिवसापासून तुमचा वर्ग बदलला. मुलं त्या नऊ जणांच्या वर्गात बसतात आणि ते नऊ जण तुमच्या वर्गात. त्यांचं शिकणं थांबलं की शाळेचं थांबतं. शैक्षणिक नेतृत्व या विषयाचा गाभा मला तरी एवढाच वाटतो. वेळापत्रक, अंदाजपत्रक, अभिलेखे हे त्याच्या भोवतीचं.

'प्रौढ' या शब्दाने तुम्ही बिचकलात हे मी समजू शकते. आपल्याकडे प्रौढ शिक्षण म्हटलं की कंदील, पाटी आणि अंगठ्याच्या जागी सही एवढंच डोळ्यांसमोर येतं. शिक्षकांच्या बैठकीत तो शब्द वापरला तर त्यांना अपमान वाटतो. मी 'मोठ्यांचं शिकणं' म्हणते. पण त्या कंदिलाच्या वर्गांकडेही कमीपणाने बघू नका. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्याला दिवसा येता येत नाही हे ओळखून. १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्राम शिक्षण मोहीम उभी राहिली, तेव्हा साक्षर होणं हा एकेकट्याचा विषय न ठेवता अख्ख्या गावाचा केला गेला. चित्रा नाईकांनी पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतून अनौपचारिक शिक्षणाचं जे काम केलं, त्यात दिवसा गुरं राखणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग होते आणि शिकवायला गावातलीच माणसं होती. शिकणाऱ्याची वेळ, त्याचं काम, त्याचा मान यांपासून सुरुवात करायची, ही समज आपल्या मातीत आहे. नेतृत्वाच्या अभ्यासात ती मिळवून घ्यायला हवी, नुसती परदेशी नावं पाठ करून भागत नाही.

तरीही परदेशी विचारवंत वाचावे लागतील, आणि वाचावेत. अमेरिकेतल्या माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास मांडलं की मोठा माणूस शिकायला येतो तो अनुभवाची शिदोरी घेऊन. 'हे मला कशासाठी' हे कळल्याशिवाय तो मन लावत नाही. विषयापेक्षा समोरची अडचण त्याला शिकायला लावते. वह्यांच्या त्या बैठकीत हे सगळं घडत होतं, मला त्याची नावं तेवढी नंतर कळली. मुलांचं शिकणं एक आणि मोठ्यांचं दुसरं असे कप्पे नोल्सनी आधी केले होते; दहा वर्षांनी त्यांनीच ते सैल केले. हे मला फार मोलाचं वाटतं. चौथीतल्या मुलालाही 'कशासाठी' हवंच असतं.

माझ्यावर खोल परिणाम झाला तो जॅक मेझिरो यांच्या मांडणीचा. शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि पुन्हा कॉलेजात आलेल्या अमेरिकी बायकांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७८ मध्ये तो मांडला. मोठ्या माणसाच्या मनात काही गृहीतकं घट्ट बसलेली असतात. ती हलली तरच खरं शिकणं होतं, आणि हलताना त्रास होतो, असा त्याचा आशय. आमच्या केंद्रात साखर कारखाना होता. हंगामात ऊसतोड कुटुंबं कोप्या घालून राहत आणि त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या शाळांत बसत. एक चांगले, कष्टाळू शिक्षक नेहमी म्हणायचे, "या पोरांना घरी वातावरणच नाही, गणित येणार कुठून?" मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एका संध्याकाळी त्यांना घेऊन कोप्यांवर गेले. गाडीत मोळ्या चढत होत्या आणि नऊ वर्षांची एक मुलगी आईसाठी हिशेब ठेवत होती, पाच-पाचाचे गट तोंडी धरून. वर्गात हीच मुलगी दशकात अडत होती. परतीच्या वाटेवर ते शिक्षक एक शब्द बोलले नाहीत. पुढचे काही दिवस ते माझ्यावर नाराजही होते. मग एक दिवस त्यांच्या वर्गात गेले तर फळ्यावर मोळ्यांची गणितं होती. शंभर प्रशिक्षणांनी झालं नसतं ते त्या संध्याकाळने झालं. पण ही नाराजी सोसायची तयारी नेत्याने ठेवावी लागते, आणि ती कशी ठेवायची हे कुणी नीट शिकवत नाही.

आता दुसरी बाजू. हे सिद्धान्त धरून चालतात की मोठा माणूस आपण होऊन शिकायला आला आहे. आपल्याकडे प्रशिक्षण 'लागतं', जशी निवडणुकीची ड्युटी लागते. आदेश येतो, हजेरीपत्रक फिरतं. राज्यस्तरावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्यात सांगतात, जिल्ह्याचे तालुक्यात, तालुक्याचे केंद्रात. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं आणि वर्गापर्यंत पोचतं ते शीर्षक. २०१९ मध्ये 'निष्ठा' प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांचं उद्दिष्ट होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. तास भरणं सोपं आहे. आदेशाने आलेल्या माणसाला स्वतःचा प्रश्न सापडेल अशी बैठक घडवणं अवघड आहे, आणि पदव्युत्तर अभ्यासात तुम्ही शिकायचं ते हेच.

साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे काही केंद्रं मिळून होणाऱ्या विभागाचं, उदाहरण तुम्हाला माहीत असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं या विचाराचं, काम उभं केलं आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. वर्गात बसून, मुलांना शिकताना प्रत्यक्ष बघून परतले. व्याख्यानापेक्षा हे कितीतरी सकस शिक्षण. पण परतल्यावर काही शाळांत तिथल्यासारख्या फरशा रंगल्या आणि तेवढ्यावरच थांबलं. काही शाळांत मुलं कशी शिकतात यावर शिक्षक आपसांत बोलायला लागले. दोन्हींतला फरक मला जिथे जिथे दिसला, तिथे तो परतल्यानंतरच्या महिन्यात पडला होता. शाळेत कुणीतरी 'काय पाहिलंत, आपल्याकडे काय करू या' असं विचारणारं होतं की नव्हतं, यावर. ते 'कुणीतरी' म्हणजे तुम्ही.

आता अभ्यासक्रमांबद्दल.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका मराठीत आहे आणि नोकरी सांभाळून होते. नियम, अभिलेखे, नियोजन, हिशेब यांची बैठक पक्की होते. नवख्या मुख्याध्यापकाला तिचा आधार वाटतो. शिक्षक कसा शिकतो, याकडे मात्र ती फारशी वळत नाही, असा माझा अनुभव. एम.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल किंवा डाएटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे) जायचं असेल तर ते घ्या. शाळेतच राहायचं असेल तर त्यासाठी दोन वर्षं शाळा सोडावी असं मी म्हणणार नाही. इग्नूकडे शैक्षणिक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका आहे आणि प्रौढ शिक्षणाचा एम.ए. आहे. दिल्लीच्या निपा या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं स्वतंत्र केंद्र काम करतं; त्यांचे छोटे ऑनलाइन अभ्यासक्रम आधी करून बघा, म्हणजे या विषयाशी आपलं जमतं का ते कळेल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००६ मध्ये काम करणाऱ्या माणसांसाठी प्राथमिक शिक्षणाचा एम.ए. सुरू केला होता. काही आठवडे तिथे जायचं, बाकी काळ आपल्या कामाच्या जागी राहून वाचायचं आणि लिहायचं. चाळिशीतल्या माणसाला हा साचा सगळ्यांत मानवतो. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचा शिक्षणातला एम.ए. कसदार आहे, पण तो पूर्णवेळचा. घरदार सोडून जाता येईल का ते बघा. या संस्था अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतात, तेव्हा यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाचा आणि दूरशिक्षण असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता तपासा.

माहितीपत्रकात मी तीनच गोष्टी बघते. तुमच्या शाळेत करायचं काम अभ्यासक्रमाचा भाग आहे का? ते बघायला कुणी येतं का, निदान सविस्तर अभिप्राय देतं का? आणि वर्गात तुमच्यासारखी काम करणारी माणसं आहेत का? तीनही उत्तरं 'नाही' असतील तर नाव कितीही मोठं असो, पैसे जपून ठेवा.

अर्ज करण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी घ्या, आणि पदवी झाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. परवानगीवाचून शिकलेल्यांची पदवी पुढे वर्षानुवर्षं कागदातच अडकलेली मी पाहिली आहे. पदवीने लगेच वेतनवाढ किंवा पदोन्नती मिळेल, या हिशेबाने मात्र येऊ नका. त्या वेळचा शासन निर्णय काय सांगतो ते बघून मगच तो आकडा घरी सांगा.

इंग्रजीची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार. मलाही होती. मी नोकरी करत एम.ए. केला तेव्हा पहिल्या सत्रात वीस पानांच्या लेखाला मला चार संध्याकाळी लागत. मी एक वही केली : डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा अर्थ शब्दकोशातला न लिहिता माझ्या शाळेतलं उदाहरण. 'विभागलेलं नेतृत्व' या संकल्पनेसमोर मी लिहिलं होतं : पोषण आहाराचा हिशेब कदमबाई बघतात, तेव्हा तांदूळ संपण्याआधी मागणी जाते. दुसऱ्या सत्रात तेच लेख दोन संध्याकाळींत व्हायला लागले.

शोधप्रबंधावर थोडं थांबते, कारण तिथे अनेकांची दोन वर्षं वाया जातात. 'मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा विद्यार्थ्यांच्या संपादणुकीवर होणारा परिणाम' असा विषय घ्यायचा, शंभर प्रश्नावल्या वाटायच्या, सगळे 'सहमत' वर खूण करणार, मध्यमान काढायचं आणि जाड पुठ्ठ्यात बांधायचं. त्यातून तुमच्या शाळेला काही मिळत नाही. प्रश्न लहान घ्या आणि स्वतःला टोचणारा घ्या. माझा प्रश्न होता : मासिक बैठकीत तरुण शिक्षक बोलत का नाहीत? मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत मला अडवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या अधिकारी. ते तुम्हाला 'नाही' कसं म्हणतील? मग त्यांच्या संमतीला काय अर्थ?" मला दुसऱ्या तालुक्यातलं केंद्र घ्यावं लागलं, जिथे माझं काही चालत नव्हतं. सहा महिने तिथे कोपऱ्यात बसले आणि नंतर एकेकाशी बोलले. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. अधिकाऱ्यासमोर प्रश्न विचारणं म्हणजे 'मला येत नाही' अशी कबुली. आणि ती कबुली पुढच्या भेटीत लॉगबुकातला, म्हणजे शाळाभेटीच्या नोंदवहीतला, शेरा होऊन परत येते. एक तरुण शिक्षिका म्हणाली, "मॅडम, शेरा लिहायला पेन उघडलं की आमचं तोंड बंद होतं."

माझ्या केंद्रात परतल्यावर मी एक बदल केला. शाळाभेटीत लॉगबुक शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत उघडायचं नाही, आणि त्यात काय लिहायचं ते वर्गाच्या शिक्षकाशी बोलून त्याच्यासमोर लिहायचं. नियम मोडला नाही, क्रम तेवढा बदलला. तीन-चार महिन्यांत लोक आपणहून सांगायला लागले की अमुक धडा मला जमत नाही, याल का बघायला. तुमच्या पत्रातला 'हाताखाली' हा शब्द मला म्हणूनच खटकला. शासनाच्या कागदावर ते हाताखाली आहेत, हे खरं. पण तुम्ही त्यांना मनातही तसंच म्हणत राहिलात तर ते तुम्हाला 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगतील.

शाळेत मोठी माणसं फक्त नऊ नाहीत, हेही लक्षात घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. सोयाबीनच्या काढणीत सकाळी अकराला बैठक ठेवली तर सह्यांचा कागद घरोघर फिरतो. आम्ही ती संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर घेतली तेव्हा बायका आल्या, आणि तांदळाच्या पोत्याचं वजन कोण करतं हे त्यांनीच विचारलं. 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरच्या निरक्षरांचं कामही शाळेकडेच आहे. त्यामुळे प्रौढ अध्ययन हा विषय तुमच्या दारात आधीच येऊन बसलेला आहे.

घरी मोकळेपणाने बोला. दोन वर्षं रविवार जातात, उन्हाळी सुट्टी जाते. माझ्या सासूबाईंनी त्या काळात स्वयंपाकघर सांभाळलं म्हणून माझा एम.ए. झाला, प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत त्यांच्या हातात दिली.

यंदाच्या जूनमध्ये अर्ज करू नका, असं मला वाटतं. आधी दोन आठवडे एका वहीत रोजचा वेळ लिहा : कार्यालयात किती, ऑनलाइन माहिती भरण्यात किती, वर्गात किती. मी लिहिलं तेव्हा दहा दिवसांत मिळून वर्गात गेलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं निघाला आणि मी हादरले. मग नऊ जणांना चुकलेल्या दहा-दहा वह्या आणायला सांगा आणि स्वतः कमीत कमी बोला. दिवाळीपर्यंत अशा तीन बैठका होऊ द्या. प्रत्येकीनंतर एक पान लिहा : कोण बोललं, कोण गप्प राहिलं, तुम्ही कुठे मध्येच तोंड घातलंत. त्या तीन पानांत तुमचा प्रश्न सापडेल. पुढच्या वर्षी प्रवेशअर्जात 'हा अभ्यासक्रम का करायचा आहे' असा रकाना येईल, तिथे तोच लिहा, मराठीत आधी आणि मग इंग्रजीत. मला पाठवलात तर मी वाचून कळवीन.